घरचें आरोग्य : मधुमेही माणसाचे पाय

आपल्या घरांत वडील माणसांच्या पायांना जेवढा मान आहे तेवढा त्यांच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवास नाहीं. परीक्षेस जातांना, प्रवासास निघतांना, सणावारीं आणि लग्नकार्यांत मुलेंबाळें आजोबा-आजींच्या पायांवर डोकें ठेवतात. परंतु ज्या पायांवर आपण डोकें ठेवतों त्यांचे तळवे आपण कधीं पाहतों काय? टांचेला भेग पडली आहे, करंगळीच्या बेचक्यांत कातडी पांढरी होऊन सोलली आहे, किंवा अंगठ्याचें नख मांसांत रुतलें आहे, हें घरांतल्या किती जणांस ठाऊक असतें? घरांत कोणी मधुमेही असेल तर हे प्रश्न गौण राहत नाहींत. त्यांवर त्या माणसाचा पाय, आणि कधीं कधीं प्राणही, अवलंबून असतो.

गतांकीं मधुमेह्याच्या आहाराविषयीं लिहिलें होतें. आज त्याच्या पायांविषयीं चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें आपल्या देशांत १० कोटींहून अधिक माणसांस मधुमेह आहे. म्हणजे नात्यागोत्यांत एकही मधुमेही नाहीं असें घर आतां विरळा. रक्तांतील साखर तपासून घेण्याची संवय सुशिक्षित घरांत बरीच रुजली आहे. पाय तपासण्याची संवय मात्र अजून रुजावयाची आहे, आणि तिला पैसा लागत नाहीं.

पाय कां बिघडतो

साखर वर्षानुवर्षें चढी राहिली म्हणजे ज्ञानतंतु झिजूं लागतात. शरीरांतील सर्वांत लांब तंतु पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून झीज प्रथम तेथें जाणवते आणि पायमोजा चढवावा तशी बोटांकडून घोट्याकडे व पोटरीकडे सरकते. आरंभीं मुंग्या येतात, रात्रीं तळवे जळजळतात, पायाखालीं कापूस अंथरल्यासारखें वाटतें. पुढें कधीं ही जळजळ आपोआप थांबते आणि रोगी समजतो कीं आपल्याला बरें वाटूं लागलें. वस्तुतः कित्येकदां तेव्हां वेदना जाणणारे तंतुच निकामी झालेले असतात. चप्पल पायांतून निसटली आणि दहा पावलें पुढें गेल्यावर ध्यानांत आलें, असें कोणी हसत हसत सांगितलें तर तें हसण्यावारी नेऊं नये.

झिजतात ते केवळ वेदनेचे तंतु नव्हेत. घाम आणणारे तंतु थकले कीं कातडी कोरडी पडते, टांचांना भेगा जातात आणि भेगेंतून जंतूंस वाट मिळते. बोटांचे बारीक स्नायु दुबळे झाले कीं बोटें आंत वळतात, शरीराचा भार तळव्याच्या पुढील हाडांवर नको तितका पडतो आणि तेथें घट्टा धरतो. हा घट्टा संरक्षण करीत नाहीं. बुटांत खडा राहावा तसा तो आंतील मांस चेंगरतो, आणि वरून सुक्या दिसणाऱ्या कातडीखालीं व्रण तयार होत राहतो. त्यांत रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर जखम भरून येण्यास लागणारें रक्तच तेथें पोंचत नाहीं. संवेदना नाहीं म्हणून जखम कळत नाहीं, रक्त नाहीं म्हणून ती भरत नाहीं, आणि साखर अधिक म्हणून जंतु फोफावतात. मधुमेही पायाचा हा त्रिदोषच म्हणावयाचा.

आपल्या जुन्या वैद्यांचें ह्या बाबतींतील निरीक्षण सूक्ष्म होतें. चरकसंहितेच्या निदानस्थानांत प्रमेहाचीं पूर्वरूपें सांगतांना हातापायांची सुप्तता आणि दाह ह्या दोहोंचा उल्लेख आहे. सुश्रुतानें प्रमेहांत उठणाऱ्या पिडकांच्या चिकित्सेस स्वतंत्र अध्याय दिला. चरकाच्या सूत्रस्थानांत तर पाय स्वच्छ ठेवणें, पायांस तेल लावणें आणि पादत्राण वापरणें ह्या तिन्हींचे गुण निरनिराळे सांगितले आहेत. आजच्या शास्त्राचें सर्व ज्ञान त्यांस होतें असें म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु पादत्राण ही चैनीची वस्तु नसून आरोग्याची आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

दुखणें हें रक्षण

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यास बधिर पायाची ओळख निराळ्या मार्गानें फार पूर्वीं झाली. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि वरोड्यास आनंदवन उभें राहिलें. कुष्ठरोग्याचीं बोटें रोगानेंच झडतात अशी त्या काळीं सार्वत्रिक समजूत होती. १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत आलेले शस्त्रवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांनीं ती खोडून काढली. बोटें आपण होऊन झडत नव्हतीं. बधिर झाल्यामुळें तीं भाजत, कापलीं जात, ठेंचाळत, आणि रोगी त्याच जखमेवर चालत राही. कांहीं रोग्यांचे बोटांचे तुकडे रात्रींतून नाहींसे होत. पाळत ठेवली तेव्हां उंदीर कुरतडतात असें आढळलें, आणि रोगी स्वस्थ झोपलेला असे. १९६६ सालीं डॉ. ब्रँड अमेरिकेंत कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयांत गेले. तेथें बधिर पायावर झालेलें काम पुढें मधुमेही रोग्यांच्या उपयोगीं पडलें.

त्यांतील सूत्र सोपें आहे. ज्याचा पाय दुखतो तो लंगडतो, आणि लंगडणें हाच निसर्गाचा पहिला उपचार. त्यामुळें जखमेवरचा भार कमी होतो. ज्याला दुखत नाहीं तो जखमेवर पूर्ण भार देऊन चालतो आणि दर पावलागणिक ती खोल करतो. म्हणून मधुमेह्याच्या तळव्यावरील व्रणास मलमापेक्षांही भार काढून घेण्याची अधिक गरज असते. त्यासाठीं डॉक्टर कधीं प्लास्टर घालतात, कधीं खास जोडा देतात, कधीं नुसतें बसवून ठेवतात.

येथें एक गोष्ट ओघानें सांगतों. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत कुष्ठरोग अद्याप समूळ गेलेला नाहीं. पायावर एखादा बधिर चट्टा आढळल्यास तो मधुमेहाचाच असें घरच्या घरीं ठरवूं नये; डॉक्टरांस दाखवावा. कुष्ठरोगाचें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें आणि त्यानें रोग पूर्ण बरा होतो. लाज धरून वेळ दवडण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं.

आमच्या वॉर्डांतील एक निवृत्त गृहस्थ चैत्रांत चंद्रपूरच्या महाकालीच्या दर्शनास गेले. नवस होता, म्हणून भर दुपारीं अनवाणी चालले. पाय भाजले तें त्यांस कळलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं अंथरुणाच्या चादरीवर डाग दिसला तेव्हां पत्नीनें विचारलें. 'कांहीं नाहीं, जरा फोड आला आहे,' असें उत्तर मिळालें. फोडावर हळद व तूप लागलें. साखरेसाठीं रोज फिरावयास जाण्याचा त्यांचा नेम होता, तोही त्यांनीं मोडला नाहीं. बाराव्या दिवशीं थंडी वाजून ताप भरला. तोंवर अंगठा काळा पडून दुर्गंधि सुटली होती. गुडघ्याखालीं पाय काढावा लागला. जीव वाचला एवढेंच. आपण वेळींच कां बोललां नाहीं, असें मुलानें विचारलें तेव्हां ते म्हणाले, 'दुखत नव्हतें, मग काय सांगावयाचें?'

त्या गृहस्थांस दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. आपण सर्वच दुखण्यावरून दुखणें ओळखतों. परंतु मधुमेह्याच्या पायाच्या बाबतींत 'दुखत नाहीं' ही शुभवार्ता नव्हे, हें घरांतल्या लहानथोरांनीं मनांत पक्कें बिंबवावें.

रोजचा क्रम

ह्यासाठीं दिवेलागणीची वेळ मला सोयीची वाटते. बाहेरचीं कामें आटोपलेलीं असतात आणि घरांतील मंडळी जमलेलीं असतात.

प्रथम पाय कोमट पाण्यानें व साध्या साबणानें धुवावे. पाण्याची उष्णता ३७ अंशांहून अधिक नसावी, म्हणजे अंगाला लागलें तर ऊनही वाटूं नये आणि थंडही वाटूं नये. ही परीक्षा मधुमेह्यानें स्वतःच्या पायानें करूं नये, कारण तोच पाय फसवितो. कोपरानें करावी किंवा घरांतील दुसऱ्या कोणीं हात घालून पाहावें. पाय पाण्यांत बुडवून फार वेळ बसूं नये; कातडी भिजून मऊ पडते. नंतर जुन्या मऊ धोतराच्या पांढऱ्या फडक्यानें टिपून घ्यावे, आणि प्रत्येक बेचका निराळा कोरडा करावा. फडकें पांढरें असावें, म्हणजे रक्ताचा किंवा पुवाचा लहानसा डागही दिसतो.

मग चांगल्या उजेडांत पाय पाहावे. वरची बाजू, तळवा, टांच, बेचके आणि नखांच्या कडा, असा क्रम ठरवून घ्यावा म्हणजे कांहीं राहत नाहीं. वांकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरावा. मधुमेहानें बहुधा दृष्टीही मंदावलेली असते, म्हणून दुसऱ्याचे डोळे असलेले बरे. फोड, चीर, घट्टा, लाली, सूज, काळसर डाग ह्यांचा शोध घ्यावा. दोन्ही पायांवरून हाताची मागची बाजू फिरवावी. एक पाय दुसऱ्याहून ऊन लागला किंवा न दुखतां सुजला, तर आंत हाडांची मोडतोड चालू असूं शकते. अशा वेळीं त्या पायावर चालणें बंद करून त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें.

पाहून झाल्यावर तळव्यास व टांचेस थोडें खोबरेल तेल चोळावें. बेचक्यांत मात्र तेल लावूं नये. तेथें ओल राहिली कीं चिखल्या होतात. तेल लावून लागलीच फरशीवर चालूं नये, घसरण्याची भीति असते.

नखें सरळ रेषेंत कापावीं. कडा कोरून गोल करूं नयेत. दृष्टि अधू असेल तर हें काम दुसऱ्यानें करावें. नऱ्हाणीनें किंवा दाढीच्या पात्यानें कुरूप व घट्टे कापण्याची पुष्कळांस संवय असते, ती सर्वस्वी सोडावी. कुरूप जाळण्याच्या ज्या पट्ट्या व औषधें बाजारांत मिळतात त्यांत आम्ल असतें. बधिर पायावर तें निरोगी मांसही जाळतें.

महिन्यांतून एकदां घरच्या घरीं संवेदनेची परीक्षा घेतां येते. इंग्लंडांतील इप्सविच येथील डॉक्टरांनीं ही रीत प्रचारांत आणली असून तिला एका बोटाशिवाय दुसरें साधन लागत नाहीं. मधुमेह्यास डोळे मिटून पडावयास सांगावें. दुसऱ्यानें आपल्या तर्जनीचें टोक त्याच्या प्रत्येक पायाचा अंगठा, मधलें बोट आणि करंगळी ह्यांच्या टोकांस एक-दोन सेकंद हलकेच टेंकवावें. दाबूं नये, घांसूं नये, पुनः पुनः लावूं नये. स्पर्श कळला कीं त्यानें 'उजवा' किंवा 'डावा' म्हणावें. सहापैकीं दोन किंवा अधिक ठिकाणीं उत्तर आलें नाहीं, तर पाय बधिर होत चालले असें समजून डॉक्टरांकडे जावें. नातवंडांना हा खेळ वाटतो आणि तीं तो मोठ्या इमानानें करतात.

पादत्राणें, सोवळें आणि देऊळ

मधुमेह्यानें अनवाणी चालूं नये, बाहेर नाहीं आणि घरांतही नाहीं. ही सूचना आपल्या घरांत सर्वांत जड जाते. स्वयंपाकघरांत, देवघरांत पायांत कांहीं घालणें अनेकांस रुचत नाहीं. त्यावर तोडगा निघतो. घरांत वापरण्यासाठीं एक निराळा, बाहेर कधीं न नेलेला, धुतां येण्याजोगा मऊ जोड ठेवावा. सोवळ्याचा आधार स्वच्छता हाच आहे. धुतलेलें पादत्राण तिला बाध आणीत नाहीं, उलट जमिनीवर पडलेली टांचणी किंवा कांचेची कपची पायांत शिरली तर जी घाण होते ती सोवळ्यास अधिक बाधक. देवळांत पादत्राण काढावेंच लागतें. तेथें दर्शनास पहांटे किंवा सूर्यास्तानंतर जावें, प्रदक्षिणा थोड्या घालाव्या आणि घरीं येतांच तळवे पाहावे. अनवाणी चालण्याचा नवस मधुमेह्यानें बोलूं नये. बोललेला असल्यास त्याऐवजीं अन्नदान करावें. देवी समजून घेईल.

जोडा विकत घ्यावयाचा तो संध्याकाळीं, कारण दिवस सरतां पाय किंचित् सुजतो आणि सकाळीं बेताचा वाटलेला जोडा तेव्हां चावूं लागतो. पुढची बाजू रुंद, तळ जाड व आंतून मऊ, आणि मागें पट्टा असावा. अंगठ्याची चप्पल बधिर पायास वाईट. ती निसटते आणि अंगठ्याशेजारची कातडी घांसते. जोडा घालण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं तो झटकून आंत हात फिरवावा. खडा, खिळ्याचें टोंक, मुलांच्या खेळण्यांतला मणि, पावसाळ्यांत विंचू, ह्यांपैकीं कांहींही आंत असूं शकतें. मोजे सुती, फिक्या रंगाचे, सैल तोंडाचे असावे व रोज बदलावे.

सुवासिनींनीं जोडव्यांकडे लक्ष द्यावें. वर्षानुवर्षें बोटांत असलेलीं जोडवीं बोट सुजल्यावर रुततात आणि खालची कातडी झांकलेली राहते. सोनाराकडून तीं सैल करून घ्यावीं, रोज काढून खालची जागा पुसावी. बोटास जखम असेल तेव्हां तीं काढून ठेवावीं. सौभाग्य त्यानें उणें होत नाहीं.

ऋतूंप्रमाणें

आमच्या बल्लारपुरास वैशाखांत पारा ४५ अंशांच्या पुढें जाणें नवलाचें नाहीं, आणि डांबरी रस्ता व दगडी फरशी हवेहून पुष्कळच अधिक तापते. अंगणांत वाळवण काढावयास चार पावलें जाणें एवढ्यानेंही बधिर तळव्यास फोड येतात. पावसाळ्यांत ओले मोजे व ओलें पादत्राण लागलीच बदलावें, बेचके कोरडे ठेवावे. ज्यांची धानाची शेती आहे त्यांनीं रोवणीच्या दिवसांत मधुमेही माणसास बांधीच्या चिखलांत उतरूं देऊं नये. हिंवाळ्यांत पाय गार पडले म्हणून शेगडीजवळ बसणें, विटेचा शेक घेणें किंवा गरम पाण्याची पिशवी पायाशीं घेऊन झोंपणें हीं तिन्ही टाळावीं. ऊब हवी तर लोंकरीचे सैल मोजे घालावे. जमिनीवर झोंपणाऱ्यांनीं पाय पांघरुणांत घ्यावे आणि उंदीर असलेल्या घरांत खाटेवर झोंपावें.

आणखी एक शब्द खऱ्ऱ्याविषयीं. आमच्या भागांत सुशिक्षितही तो चघळतात. तंबाखूनें रक्तवाहिन्या आक्रसतात, मग ती विडींतली असो वा खऱ्ऱ्यांतली. ज्याच्या पायाला आधींच रक्त कमी पोंचतें त्यानें ती घेणें म्हणजे आपल्याच विहिरीचा झरा बुजविणें होय.

जखम दिसल्यास

जखम लहान असो वा मोठी, ती स्वच्छ पाण्यानें धुवावी, कोरड्या निर्जंतुक पट्टीनें झांकावी, त्या पायावरचा भार काढावा आणि त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी. हळद, चुना, राख, झाडपाल्याचा लेप किंवा दंतमंजन तिच्यावर घालूं नये. त्यानें जखमेचें खरें रूप झांकलें जातें. ताप, पू, दुर्गंधि, पसरत जाणारी लाली, काळा पडलेला भाग, किंवा कारणावांचून एकाएकीं चढलेली साखर, ह्यांपैकीं कांहींही दिसल्यास रात्र असली तरी सकाळची वाट पाहूं नये.

कांहीं तक्रार नसली तरी वर्षांतून एकदां पाय डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. ते नायलॉनच्या तंतूनें संवेदना पाहतात आणि पायाची नाडी चांचपतात. पाय बधिर झाले असतील तर सहा महिन्यांनीं जाणें हिताचें, आणि पूर्वीं जखम झालेली असेल तर एक ते तीन महिन्यांनीं.

सरतेशेवटीं, हें सर्व ज्या अडचणीपाशीं अडतें ती सांगतों. वडील माणसांस दुसऱ्यानें, विशेषतः सुनेनें, आपले पाय हातीं घेऊन पाहावे ह्याचा संकोच वाटतो. जन्मभर कोणाकडून सेवा न घेतलेल्या माणसास तो वाटणारच. त्यांचा संकोच हंसून उडवूं नये, आणि दहा जणांसमोर त्यांचे पायही पाहूं नयेत. मुलानें किंवा नातवानें हें काम नेमानें अंगावर घ्यावें. जावा-नणंदांनीं आजींचें घ्यावें. पाहतांना 'काय करून घेतलेंत हें!' असा शब्द तोंडून जाऊं नये, नाहींतर पुढची जखम लपविली जाईल. आणि वडील मंडळींस माझी विनंति अशी कीं पाय दाखविणें ही दुसऱ्यावर लादलेली तसदी समजूं नये. दोन मिनिटांच्या ह्या तपासणीनें घरावरचें महिनोनमहिन्यांचें संकट टळतें, आणि आपल्या पायांनीं आपल्या अंगणांत फिरण्याचें स्वातंत्र्य शेवटपर्यंत राहतें.

पुढील अंकीं मधुमेह्याच्या डोळ्यांविषयीं लिहीन.